गवतासाठी जावे असे उद्यान: श्रीलंकेतील हॉर्टन प्लेन्स

श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यातली बहुतेक जागा ‘वर्ल्ड्स एंड’ नावाच्या कड्याने व्यापलेली असते. कडा दिसला तर सहल सार्थकी लागली आणि धुके आले तर पैसे पाण्यात गेले, असा एकंदर सूर असतो. मी आणि माझी ६२ वर्षांची मावशी फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे जाऊन आलो. आम्ही कड्यावर पोहोचलो तेव्हा समोर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीही नव्हते, आणि तरीही त्या सकाळीइतके समाधान मला आजवरच्या फार थोड्या प्रवासांनी दिले आहे. म्हणूनच हे परीक्षण मी कड्याचे न लिहिता त्याच्या अलीकडे पसरलेल्या गवताळ पठाराचे आणि तिथे चालण्याच्या व्यवस्थेचे लिहीत आहे.

हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण २१०० ते २३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कित्येक मीटर वर. क्षेत्रफळ मात्र अवघे ३१६० हेक्टर. सिंहली लोक त्याला महा एलिय, म्हणजे मोठे मोकळे मैदान, म्हणत आले आहेत. १८३१ ते १८३७ या काळात सिलोनचे गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट विल्मट हॉर्टन यांचे नाव इंग्रजांनी त्यावर नंतर चढवले. १९६९ मध्ये त्याला अभयारण्याचा, १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती उच्चभूमीचा एक भाग म्हणून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले.

मुक्कामाला सोयीचे गाव नुवारा एलिया. तिथून उद्यान सुमारे ३२ किलोमीटरवर आहे, पण रस्ता वळणांचा आणि चढाचा असल्यामुळे सव्वा ते दीड तास धरून चालावे. आम्ही उतरलो होतो त्या निवासाच्या व्यवस्थापकांनी आम्हाला न्याहारी करून आठ वाजता निघण्याचा सल्ला दिला होता, आणि तो मानला असता तर आमची सकाळ वाया गेली असती. सुदैवाने आमच्या गाडीचे चालक चहाच्या मळ्यांच्या मुलखातच वाढलेले होते. त्यांनी आदल्या संध्याकाळीच मावशीला मोडक्या हिंदीत बजावले, “अम्मा, पाच बजे. बाद में सब सफेद.” आम्ही पहाटे पाचला निघालो. आंबेवेलाची गुरांची कुरणे आणि त्यांच्या मागे फिरणाऱ्या पवनचक्क्या अर्धवट उजेडात मागे पडल्या, पट्टिपोल गावावरून रस्ता वर चढला आणि सहा वाजून काही मिनिटांनी आम्ही प्रवेशद्वाराशी होतो.

त्या चढावर एक गोष्ट सहज लक्षात येते, पण तिचे कारण ठाऊक असले तर ती अधिक मोलाची वाटते. नुवारा एलियाच्या भोवती नजर पोहोचेल तिथवर चहा आहे. डोंगरांच्या उतारांवर कंगव्याने भांग पाडावा तशा चहाच्या रांगा आहेत. मग एका उंचीनंतर चहा संपतो आणि बुटक्या, गाठाळ, शेवाळलेल्या झाडांचे रान सुरू होते. हे आपोआप घडलेले नाही. लंडनच्या क्यू उद्यानाचे तत्कालीन संचालक आणि थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८७३ मध्ये सिलोन सरकारला असा सल्ला दिला होता की ५००० फुटांवरील जंगलाला हात लावू नये, आणि त्यानुसार या उंचीवरची तोड थांबवण्याचा आदेश निघाला. महावेली, केलनी आणि वळवे या तीन मोठ्या नद्यांना पाणी पुरवणारे प्रवाह या पठारावरून आणि त्याच्या उतारांवरून निघतात. दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी वेळेवर ‘इथवरच’ म्हटले आणि ते ऐकले गेले, याचा परिणाम तिथे डोळ्यांनी पाहता येतो.

प्रवेशाच्या व्यवस्थेविषयी आधी व्यवहाराचे सांगते. परदेशी पर्यटकांचे शुल्क स्थानिकांच्या कित्येक पट आहे आणि वाहनाचा व इतर आकार त्यात वेगळा मिळवला जातो. दर बदलत असतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही. मात्र चौघांच्या कुटुंबाने हा खर्च प्रवासाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा, कारण तो किरकोळ नाही. मला तो रास्त वाटला, आणि त्याचे कारण पुढच्याच टप्प्यावर समजले. चालायला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येकाची पिशवी तपासली जाते आणि त्यातले प्लास्टिक काढून घेतले जाते. आमच्या निवासाने न्याहारीचे सँडविच आणि केळी तीन-तीन प्लास्टिकच्या थरांत गुंडाळून दिली होती. तपासनीस ताईंनी ते सगळे थर न रागावता उलगडले, खाणे कागदी पिशवीत भरून परत दिले, बिस्किटांच्या पुड्याचे वेष्टनही काढले आणि पाण्याच्या बाटलीवरचा लेबलाचा कागद सोलून मगच ती हातात ठेवली. मागे मोठी रांग होती, तरी एकाही पिशवीला सूट मिळालेली मी पाहिली नाही. साताऱ्याजवळ वाढल्यामुळे कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात पडणारा कचरा मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, त्यामुळे पुढच्या साडेनऊ किलोमीटरांत मला जवळजवळ काहीच कचरा दिसला नाही, ही बाब माझ्या दृष्टीने या उद्यानाच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष आहे.

दुसरी मोठी बाब म्हणजे चालण्याची मोकळीक. श्रीलंकेतील यालासारख्या प्रसिद्ध उद्यानांत माणसाला जीपमध्ये बसूनच फिरावे लागते. इथे फार इन या जुन्या इमारतीपाशी, जिथे आता माहिती केंद्र आहे, गाडी सोडायची आणि आखलेल्या वाटेने स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने, वाटाड्याशिवायही जाता येते. वाट वर्तुळाकार असून सुमारे साडेनऊ किलोमीटरची आहे. छोटा वर्ल्ड्स एंड, मग मोठा वर्ल्ड्स एंड, मग बेकर्स धबधबा आणि पुन्हा फार इन, असा क्रम बहुतेक जण धरतात, कारण धुके येण्याआधी कडा गाठायचा असतो. भराभर चालणारे तीन तासांत परततात. आम्हाला पावणेपाच तास लागले आणि त्यातला जवळजवळ दीड तास पहिल्या दोन किलोमीटरांतच गेला.

तो दीड तास का गेला, हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले.

पठाराचे पहिले दर्शन सौम्य असते. फार इनपासून निघालेली वाट एका विस्तीर्ण खोलगट भागात उतरते, आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या गवताचे झुपके दिसू लागतात. आपल्या सड्यांवरचे गवत जांभ्या दगडाच्या पातळ मातीवर उगवते आणि दिवाळीनंतर वाळून जाते. इथले गवत काळ्याभोर, ओलसर, पायाखाली किंचित दबणाऱ्या मातीवर वाढते. फेब्रुवारी असूनही त्याचा सोनेरी आणि हिरवा असे दोन्ही रंग एकाच झुपक्यात होते. सूर्य कडेच्या रानामागून वर यायचा होता आणि खोलगट जागेतल्या प्रत्येक पात्यावर दंव पांढरे गोठले होते. विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर असलेल्या बेटावर मी गोठलेले दंव पाहत होते. मावशीने वाकून बोटाने ते खरवडले आणि म्हणाली, “अगं, हे तर मिठासारखं कुरकुरतंय.”

नीट पाहिले तर लक्षात येते की इथे गवत सखल भागात आहे आणि रान चढांवर व टेकड्यांच्या माथ्यावर आहे. दोहोंमधली सीमारेषा इतकी ठळक आहे की कोणी कात्री लावल्यासारखी वाटावी. थंड, जड हवा रात्री उतारांवरून खाली सरकून खोलगट जागी साचते आणि तिथे पडणाऱ्या हिमतुषाराने झाडांची कोवळी रोपे टिकत नाहीत, हे त्याचे एक कारण मानले जाते; पाणथळ माती हे दुसरे. शिवाय पठारावरील दलदलींत साचलेल्या प्राचीन परागकणांच्या अभ्यासातून हजारो वर्षांपूर्वीपासून इथे माणसाचा वावर होता हेही पुढे आले आहे, त्यामुळे आग आणि चराई यांचाही या गवताच्या घडणीत वाटा असणार. स्थानिक कथा तर त्याहून सोपी आहे. हनुमानाच्या शेपटीच्या आगीत हे रान जळाले आणि मागे गवत उरले, असे ती सांगते. आणि जवळच्या २३५७ मीटर उंचीच्या तोटुपोल शिखरावर रावणाचे विमान उतरत असे, असेही. नुवारा एलियाजवळच्या सीता एलिय येथील सीतेच्या देवळात आम्ही आदल्या दिवशी जाऊन आलो होतो, त्यामुळे मावशीला ही कथा परागकणांपेक्षा जवळची वाटली. मला दोन्ही हव्या होत्या.

गवताच्या पलीकडच्या रानात सपाट छत्रीसारख्या शेंड्यांची झाडे आहेत. स्थानिक भाषेत त्यांना कीन म्हणतात; ती आपल्या उंडीची नातेवाईक होत. वाऱ्यामुळे ती उंच वाढत नाहीत. त्यांच्या फांद्यांवरून दाढीसारखे राखाडी दगडफूल लोंबते आणि धुक्यातले पाणी त्यावर थेंबाथेंबाने गोळा होऊन खाली ठिबकत राहते. गवतात एकटेदुकटे उभे असलेले, वाकड्या बुंध्याचे आणि लाल फुलांचे गुच्छ मिरवणारे झाड दिसले की थोडे थांबावे. उत्तराखंडात जाऊन आलेल्यांना बुरांश ठाऊक असतो. हे त्याच जातीचे झाड आहे. हिमालय, मग मध्ये मोठे अंतर सोडून निलगिरीचे डोंगर आणि मग थेट श्रीलंकेचे हे माथे, एवढ्याच थंड जागी ते उरले आहे. ओढ्यांच्या काठाला बुटक्या बांबूचे दाट पट्टे आहेत. रानाच्या आत खाली पाहिले तर कारवीच्या कुळातली झुडपे ओळखू येतात; तिथे त्यांना नेलू म्हणतात. आपल्या कारवीप्रमाणे त्यांच्यातल्या काही जाती अनेक वर्षे वाट पाहून एकदमच फुलतात आणि मरतात. आम्हाला फुले नव्हती, पण पाने पाहून मी मावशीला “ही कारवीच” असे सांगितले तेव्हा परक्या देशातल्या त्या रानाशी आमची एकदम ओळख निघाल्यासारखे झाले.

सांबर तर वाट अडवूनच उभे होते. दंव वितळू लागले त्या वेळी नऊ जणांचा एक कळप ओढ्याच्या काठाने चरत आमच्या दिशेने येत होता. त्यांच्या अंगावरून वाफ निघत होती आणि गवत उपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. महाराष्ट्रातल्या जंगलांत सांबर दिसते ते संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, क्षणभर, कान टवकारलेले. उघड्या मैदानावर, भर प्रकाशात, पाऊण तास सांबर पाहायला मिळणे ही या पठाराची देणगी आहे. त्यांच्यामागे इथे बिबट्याही आहे; श्रीलंकेत वाघ नाही आणि शिकारी प्राण्यांत बिबट्याच सर्वांत वरचा आहे. आम्हाला वाटेवर त्याची विष्ठा तेवढी दिसली. एके काळी या पठारावर हत्तीही होते. आज एकही नाही. ज्यांच्या नावाचा धबधबा इथे आहे ते सॅम्युअल बेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नुवारा एलियाला राहत होते आणि याच मैदानावर शिकारी कुत्र्यांसह सांबरांमागे धावत होते, हे ध्यानात घेतले की समोरचा निर्धास्त कळप पाहताना मन भरून येते.

पक्षी पाहणाऱ्यांनी कड्याची घाई अजिबात करू नये. फक्त श्रीलंकेतच आढळणारे कितीतरी पक्षी या उंचीवर एका सकाळीत भेटतात. पिवळ्या कानांचा बुलबुल आणि श्रीलंकेचा चष्मेवाला आम्हाला सहज दिसले, फिकट निळा माशीमार रानाच्या कडेला एकदा दिसला, आणि ओढ्याच्या अंधारात राहणारा निळा शीळकरी कस्तूर मात्र केवळ आवाजाने भेटला. नाकावर शिंगासारखा कोंब असलेला सरडा शोधायला आमच्याजवळ धीर पुरेसा नव्हता. इथल्या रानात राहणाऱ्या मोठ्या डोळ्यांच्या, सडपातळ लॉरिस या माकडासारख्या छोट्या प्राण्याचे तर पहिले छायाचित्रच जगाने २०१० मध्ये पाहिले; रात्री फिरणारा तो प्राणी पर्यटकाला दिसण्याची अपेक्षाच ठेवू नये.

सगळेच काही जागच्या जागी नाही, हेही सांगायला हवे. वाटेच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे दिसतात आणि छायाचित्रांत ती फार सुंदर येतात, पण ती युरोपातून आलेल्या गॉर्सची आहेत आणि गवताची जागा गिळत चालली आहेत. पठाराच्या काही पट्ट्यांत एकेकाळी बटाट्याची शेती होत असे. तिथे आजही मूळचे गवत परतलेले नाही आणि पायाखालचा पोत वेगळा लागतो. रानात जागोजागी पांढरीफटक, उभ्या उभ्या वाळलेली झाडे आहेत. ही मर अनेक दशकांपासून चालू आहे आणि तिची कारणे शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत. तिकडे पाहून पुढे जाणे मला जड गेले.

आम्ही कड्यावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. खालच्या दरीतली उबदार, दमट हवा ऊन चढले की कड्याच्या अंगाने वर येते आणि इथल्या थंडीत तिचे धुके होते, त्यामुळे नऊ-दहानंतर समोर भिंत उभी राहणे हा इथला रोजचाच क्रम आहे. साडेआठशे मीटरांहून अधिक खोल तुटलेला तो कडा, त्याच्या पायथ्याची गावे आणि चहाचे मळे, आणि निरभ्र दिवशी दक्षिणेला दिसतो म्हणतात तो समुद्र, यांतले आम्ही काहीच पाहिले नाही. फक्त खालून वर येणारा गार वारा तोंडावर घेतला आणि धुक्याच्या आतून कुठल्यातरी देवळाच्या ध्वनिक्षेपकावरचे गाणे बारीक ऐकू येत होते ते ऐकले. आमच्याबरोबर पोहोचलेली बरीच मंडळी चिडून लगेच परतली. कडा पाहायचाच असेल तर सहा वाजता आत शिरून सरळ चालत सुटावे आणि साडेसातपर्यंत तिथे असावे. जानेवारी ते मार्च या महिन्यांत तो दिसण्याची शक्यता बरी असते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ असल्यामुळे पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांची तयारी ठेवूनच जावे. दोन्ही साधायचे असेल, तर आधी कडा आणि मग गवत असा क्रम ठेवावा. आमचा क्रम उलटा झाला आणि त्याबद्दल मला खंत नाही.

बेकर्स धबधबा सुमारे २० मीटरांचा आहे, रानात झाकलेला आहे आणि बघायला छान आहे. त्याच्यापर्यंतचा उतार मात्र ओल्या दगडांचा आणि मुळ्यांचा असून गुडघ्यांची परीक्षा पाहतो.

ज्येष्ठांसाठी एवढे सांगते. मावशीला गुडघ्याचा जुना त्रास आहे आणि तिने काठीच्या आधाराने पूर्ण फेरी केली, पण धबधब्याच्या उतारावर तिला दोनदा हात द्यावा लागला. ज्यांना तेवढे चालणे शक्य नाही, त्यांनी फार इनपासून पहिल्या दीड-दोन किलोमीटरांचे मैदान पाहून परत फिरावे. ती वाट बऱ्यापैकी सपाट आहे, आणि माझ्या मते उद्यानाचा खरा ऐवज तिथेच आहे. पायांत पकड असलेले बूट हवेत. पहाटे कानटोपी आणि जाड स्वेटर लागतो, तर दहानंतर त्याच अंगावर ऊन भाजते, कारण उंचीवरचे ऊन फसवे असते. पाणी धातूच्या बाटलीत न्यावे, डबा स्टीलचा न्यावा म्हणजे तपासणीत वेळ जात नाही. शौचालयाची सोय सुरुवातीलाच पाहून घ्यावी. शनिवार-रविवार आणि तिथल्या पौर्णिमेच्या सार्वजनिक सुट्ट्या टाळाव्यात.

एक विनंती मात्र आपल्या मंडळींना आवर्जून करते. परतलो तेव्हा वाहनतळावर एक मोठा नर सांबर गाड्यांच्या खिडक्यांत तोंड घालत फिरत होता आणि एक कुटुंब त्याला बिस्किटे भरवून छायाचित्रे काढत होते. मुले खुश होती, आणि मराठी बोलत होती. मावशी त्यांच्या आजींजवळ गेली आणि हात जोडून म्हणाली, “ताई, नका हो देऊ. सवय लागली की ते रान सोडून इथंच उभं राहतं.” आजींनी पुडा पर्समध्ये ठेवला. सांबर थोडा वेळ थांबला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

पुढच्या खेपेला आम्ही नुवारा एलियाऐवजी ओहियाच्या बाजूने जाणार आहोत. डोंगरी रेल्वेने ओहिया स्थानकावर उतरून साधारण ११ किलोमीटरचा चढ चालत किंवा तीनचाकीने पार करता येतो, आणि त्या रस्त्यावर गर्दी कमी असते. त्या वेळी आम्ही वर्तुळाकार वाट न धरता सुमारे २३९० मीटरांच्या किरिगलपोत्त शिखराकडे जाणारी लांब वाट धरायची असे मी ठरवले आहे. मावशी म्हणते की ती फार इनच्या समोरच्या गवतात बसून दिवसभर सांबर बघेल.